पल्सार टायमिंग आणि गुरुत्वीय लहरी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या जूनअखेर गुरुत्वीय लहरींच्या बातमीमुळे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीचं नाव सगळ्या पेपरांत आलं, तेव्हापासून ओळखीतले लोक, शाळेतले शिक्षक, आकाश बघायला येणारी पोरं असे सगळे मला जवळपास तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. गणित टाळलंय. आकडे मात्र टाळलेले नाहीत, कारण ह्या कामाची खरी कमाल आकडे बघितल्याशिवाय कळतच नाही.

एका दमात सांगा, पल्सार टायमिंग करणारे हे लोक नेमकं करतात काय?

आकाशातले काही मेलेले तारे अतिशय नियमितपणे रेडिओ ठोके देत असतात, त्यांना पल्सार म्हणतात. पुढचा ठोका पृथ्वीवर कधी पोचायला हवा हे आधीच काढता येतं. मग वर्षानुवर्षं मोजत राहायचं, की ठोका ठरल्यापेक्षा लवकर आला की उशिरा आणि किती. गुरुत्वीय लहर जाताना अवकाश स्वतःच किंचित ताणलं जातं, आकसतं, त्यामुळे ठोका मागेपुढे होतो. किती मागेपुढे? सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास, म्हणजे १०० नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश फक्त ३० मीटर जातो, आणि हे पल्सार आहेत शेकडो-हजारो प्रकाशवर्षं लांब.

पल्सार म्हणजे काय आणि कुठलाही पल्सार चालतो का?

मोठा तारा फुटला की त्याचा गाभा आवळून न्यूट्रॉन तारा होतो, वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट आणि व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत दर फेरीला आपल्यावरून गेला की आपल्याला ठोका ऐकू येतो. पहिला पल्सार १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना सापडला.

पण नाही, कुठलाही चालत नाही. तरुण पल्सार मधेच झटका खाऊन एकदम वेग बदलतात, खेकडा तेजोमेघातला पल्सार ह्यासाठी प्रसिद्धच आहे. ह्या कामाला लागतात मिलिसेकंद पल्सार, जे म्हातारे असतात, जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून घेऊन पुन्हा वेगात फिरायला लागलेले असतात आणि त्यानंतर कमालीचे स्थिर राहतात. असा पहिला पल्सार १९८२ मध्ये डॉन बॅकर यांच्या गटाला सापडला, सेकंदाला ६४२ फेऱ्या, आणि त्या शोधनिबंधात तेव्हा पीएचडी करत असलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि मला ते दरवेळी सांगावंसं वाटतं, कारण तो पल्सार सापडला नसता तर हे सगळं कागदावरच राहिलं असतं. पल्सारांवरून गुरुत्वीय लहरी शोधायची कल्पना तशी त्याच्याही आधीची आहे, १९७८ मध्ये साझिन आणि १९७९ मध्ये डेटवायलर यांनी मांडलेली, पण तेवढं नेमकं घड्याळ तेव्हा कुणाकडे नव्हतं.

एक ठोका प्रत्यक्षात मोजतात कसा?

उदाहरणाला जे१९०९-३७४४ घेऊ, टायमिंगवाल्यांचा लाडका पल्सार. फेरी २.९५ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३९ ठोके. एकटा ठोका गोंगाटात पार बुडालेला असतो, दिसतच नाही. म्हणून अर्धा तास डेटा घ्यायचा, त्यात सहा लाखांवर ठोके येतात, आणि फेरीच्या लांबीएवढे तुकडे पाडून ते एकावर एक रचायचे. गोंगाट आपापसात मिटत जातो आणि खालून एक टोकदार सुळका वर येतो. तो सुळका मग त्याच पल्सारच्या आधीच्या स्वच्छ साच्यावर सरकवून बघायचा, कुठे तंतोतंत बसतो ते शोधायचं, त्यावरून मिळते त्या दिवसाची आगमनाची वेळ.

मग खरी वजाबाकी सुरू होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून कक्षेच्या एका बाजूला असताना ठोका सूर्याच्या मानाने आठ मिनिटांपर्यंत लवकर आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच उशिरा येऊ शकतो, म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला नेऊन ठेवतात. शिवाय ह्या पल्सारला एक श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान गाभा) जोडीदार आहे, दीड दिवसात ते एकमेकांभोवती फिरतात, ती कक्षा वजा करायची. पल्सार हळूहळू मंदावतोय ते वजा, तो आकाशात सरकतोय ते वजा, सूर्याजवळून येताना सिग्नलला लागलेला जादा वेळ वजा. वर्षाला हजार कोटींच्या वर फेऱ्या होतात आणि त्यातली एकसुद्धा मोजायची चुकवून चालत नाही, दहा वर्षांपूर्वीचा ठोका अमुक नंबरचा आणि आजचा तमुक नंबरचा असा अखंड हिशेब लागतो. एवढं सगळं काढून झाल्यावर जे उरतं त्याला रेसिड्युअल म्हणतात, आणि लहर असली तर ती ह्या उरलेल्यात असते.

ह्यात खोडदच्या जीएमआरटीचं काम काय? जगात मोठमोठे टेलिस्कोप आहेत की.

आहेत ना. चीनचा फास्ट ५०० मीटर व्यासाचा आहे, जर्मनीचा एफेल्सबर्ग १०० मीटरचा. जीएमआरटी म्हणजे नारायणगावजवळच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर, १४ मधे एकत्र आणि बाकीच्या १६ इंग्रजी वायच्या आकारात तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली, डिशला पत्रा न लावता स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. जवळ उभं राहून वर बघितलं तर जाळीतून आभाळ आरपार दिसतं आणि लोकांना वाटतं ह्यातून सिग्नल गळून जात असेल. नाही जात, कारण ज्या रेडिओ लहरी पकडायच्यात त्यांची तरंगलांबी वीस सेंटिमीटरपासून मीटरभर किंवा त्याहून जास्त असते, त्यांच्या दृष्टीने ती भिंतच आहे.

तर काम काय. आपण आणि पल्सार यांच्या मधे जागा रिकामी नसते, सुट्या इलेक्ट्रॉनांचा विरळ प्लाझ्मा असतो आणि तो रेडिओ लहरींना रखडवतो, कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरींना जास्त. त्याच जे१९०९ चा सिग्नल १४०० मेगाहर्ट्‌झवर प्लाझ्मामुळे सुमारे २२ मिलिसेकंद उशिरा येतो आणि ४०० मेगाहर्ट्‌झवर सुमारे २७०. म्हणजे एकाच वेळी निघालेला ठोका दोन बँडमध्ये पाव सेकंदाच्या अंतराने पोचतो, तेवढ्यात पल्सारच्या ऐंशीवर फेऱ्या होऊन जातात! आणि शोधायचं काय तर १०० नॅनोसेकंद. बरं हा प्लाझ्मा एकसारखा राहिला असता तर एकदाच मोजून वजा केला असता, पण पल्सार सरकतो, आपण सरकतो, मधे सौरवारा येतो, त्यामुळे तो महिन्यामहिन्याला बदलतो आणि त्याचा संथ चढउतार गुरुत्वीय लहरीसारखाच दिसतो. फरक एवढाच की प्लाझ्माचा उशीर फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो आणि गुरुत्वीय लहरीचा बदलत नाही.

इथे खोडद कामाला येतं. अपग्रेड झालेल्या जीएमआरटीत डिशचे दोन गट करून एक गट ३०० ते ५०० मेगाहर्ट्‌झ आणि दुसरा १२६० ते १४६० मेगाहर्ट्‌झ असं त्याच क्षणी, त्याच पल्सारकडे बघू शकतो. खालच्या बँडमध्ये प्लाझ्माचा उशीर इतका मोठा असतो की तो अगदी बारकाईने मोजता येतो आणि मग वजाही नीट करता येतो. हे काम इंडियन पल्सार टायमिंग अॅरे, म्हणजे इन्प्टा, हा गट करतो, पुण्याचं एनसीआरए, मुंबईचं टीआयएफआर, देशातल्या बऱ्याच आयआयटी-आयसर आणि जपानमधले संशोधक मिळून. भालचंद्र जोशी आणि ए. गोपकुमार ही त्यातली सुरुवातीपासूनची नावं. २०२२ मध्ये त्यांनी १४ पल्सारांचा साडेतीन वर्षांचा डेटा सगळ्यांसाठी खुला केला. मला विचाराल तर ह्या सगळ्या जागतिक खटाटोपात आपलं काम दुय्यम अजिबात नाही, प्लाझ्माचा हिशेब चुकला तर बाकीच्यांची वीस वर्षांची मेहनत संशयात येते.

पण उशीर झाला तर लहरीमुळेच झाला कशावरून? आपलं घड्याळच चुकलं असेल तर?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि ह्याचं उत्तर कळलं की विषय निम्मा कळला.

नारायणगावच्या एसटी स्टँडवर बसलेल्या कंट्रोलरचा विचार करा. चारी दिशांनी येणाऱ्या सगळ्याच गाड्या पाच-पाच मिनिटं उशिरा आल्या तर गाड्यांचा दोष नाही, स्टँडचं घड्याळ पुढे गेलंय. पुण्याकडच्या गाड्या लवकर आणि नाशिककडच्या तेवढ्याच उशिरा येत असतील तर स्टँडच तुम्ही समजता तिथे नाही, पुण्याच्या बाजूला सरकलाय. आणि समजा पुणे आणि नाशिक ह्या दोन्ही समोरासमोरच्या दिशांच्या गाड्या उशिरा, पण जुन्नरकडच्या आणि त्याच्या उलट बाजूच्या दोन्ही लवकर, तर? तर घड्याळही बरोबर आणि स्टँडही जागेवर, रस्ताच एका दिशेने लांबलाय आणि काटकोनात आखडलाय.

पल्सारांचं तंतोतंत हेच आहे. आपल्या अणुघड्याळांत चूक असेल तर सगळ्या पल्सारांत सारखी दिसते. सूर्यमालेचा केंद्रबिंदू काढताना गुरूच्या वस्तुमानात किंवा कक्षेत जरा चूक झाली तर आकाशाच्या एका बाजूला लवकर, विरुद्ध बाजूला उशीर दिसतो. हे नुसतं पुस्तकी नाही, अमेरिकेच्या नॅनोग्रॅव गटाला त्यांच्या ११ वर्षांच्या डेटात खरोखर दिसलं की ग्रहांच्या स्थितीचं कुठलं कोष्टक वापरता त्यावर उत्तर हलतंय, म्हणून त्यांना ती चूक हिशेबात धरायची नवी पद्धत काढावी लागली. गुरुत्वीय लहरींचा ठसा मात्र तिसऱ्या प्रकारचा. १९८३ मध्ये हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी दाखवलं की सगळ्या दिशांनी अशा लहरी येत असतील तर पल्सारांच्या जोड्या पाडून बघायचं: आकाशात जवळजवळ असलेले दोन पल्सार सारखेच मागेपुढे होतील, कोन साधारण ४९ अंशांचा झाला की साम्य शून्यावर येईल, ८० च्या आसपास उलटं होईल आणि समोरासमोरच्या पल्सारांत पुन्हा थोडं साम्य येईल. ह्या वक्ररेषेला त्यांचंच नाव आहे, आणि ती दिसल्याशिवाय कुणीही दावा करायचा नाही असा ह्या क्षेत्रातला नियम आहे.

मग २०२३ मध्ये झालं काय?

२९ जून २०२३ ला चार ठिकाणांहून एकाच वेळी निकाल आले. नॅनोग्रॅवकडे १५ वर्षांचा डेटा आणि ६७ पल्सार. ऑस्ट्रेलियाचा पार्क्स गट, १८ वर्षांचा डेटा. चीनचा गट फास्ट दुर्बीण वापरून, डेटा फक्त साडेतीन वर्षांचा पण दुर्बीण प्रचंड. आणि युरोप व भारत यांचा एकत्र निकाल, २५ पल्सार, जवळपास २५ वर्षांचा युरोपचा डेटा आणि त्यातल्या १० पल्सारांना इन्प्टाची जोड. सगळ्यांना ती वक्ररेषा कमीजास्त ठळकपणे दिसली. लहरींची ताकद निघाली ती अशी की एक मीटर अंतरात बदल होतो साधारण एका प्रोटॉनच्या आकाराएवढा.

म्हणजे शोध लागला म्हणायचं का?

अजून नाही, आणि पेपरवाल्यांनी काहीही छापलं तरी शास्त्रज्ञांनी स्वतः हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. भौतिकशास्त्रात शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, योगायोगाने तसं दिसायची शक्यता ३५ लाखांत एक. युरोप-भारत निकाल तीन सिग्माच्या आसपास, म्हणजे हजारात एक. नॅनोग्रॅव साडेतीन ते चारच्या मधे, पार्क्स दोनच्या आसपास, चीन एका फ्रीक्वेन्सीला ४.६.

ही शक्यता काढतात कशी तेही सांगतो, कारण ती युक्ती मला फार आवडते. खरा डेटा तसाच ठेवून कॉम्प्युटरमध्ये पल्सारांच्या आकाशातल्या जागा खोट्या करायच्या, ह्याची जागा त्याला आणि त्याची ह्याला, असं हजारो वेळा. मग बघायचं की ह्या खोट्या आकाशांत ती वक्ररेषा किती वेळा आपोआप उमटते. क्वचितच उमटली तर खऱ्या आकाशातली रेषा योगायोगाची नसणार.

ह्या लोकांच्या संयमाबद्दल मला खरंच आदर आहे. नॅनोग्रॅवच्या आधीच्या, साडेबारा वर्षांच्या डेटातच सगळ्या पल्सारांत सारखा संथ गोंगाट दिसला होता, आकडाही अपेक्षेच्या जवळ होता, पण जोड्यांचा ठसा पुरेसा दिसत नव्हता म्हणून त्यांनी दावा केला नाही, सरळ आणखी काही वर्षं मोजत बसले.

ह्या लहरी येतात कुठून?

बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमधून. प्रत्येक मोठ्या आकाशगंगेच्या मध्याशी एक असतं, आपल्याकडचं सुमारे ४० लाख सूर्यांएवढं, एम८७ ह्या आकाशगंगेतलं सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. दोन आकाशगंगा एकत्र झाल्या की त्यांची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरायला लागतात, एक फेरी काही वर्षांची, आणि त्यातून वर्षावर्षांच्या लाटा निघतात. विश्वभरातल्या अशा असंख्य जोड्यांचं मिळून एक कायमचं गुणगुणणं तयार होतं, सध्या दिसतंय ते बहुतेक हेच. एखादी जोडी वेगळी, सुटी अशी अजून सापडलेली नाही. विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या घडामोडींतूनही अशा लहरी निघू शकतात आणि ती शक्यता अजून उघडी आहे.

लायगोने २०१५ मध्येच गुरुत्वीय लहरी पकडल्या ना? मग हे कशाला?

लायगो, म्हणजे अमेरिकेतलं गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र, ऐकतं ते सेकंदाला दहा ते काही हजार कंपनांचं, सूर्याच्या काही पट वजनाच्या कृष्णविवरांची टक्कर, सेकंदाच्या अंशात खेळ खलास. इथे एक कंपन व्हायलाच वर्षं लागतात, म्हणून ह्यांना नॅनोहर्ट्‌झ लहरी म्हणतात, आणि लाटेची लांबी प्रकाशवर्षांत जाते. तेवढी लांब लाट लायगोच्या चार किलोमीटरच्या बोगद्यात मावणार कशी, म्हणून आकाशगंगेएवढं यंत्र वापरायचं. दोन्ही लागतात. मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे ही दोन्ही टोकं महाराष्ट्रात असणार आहेत, पुणे जिल्ह्यात खोडद आहेच आणि लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणार आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २६०० कोटी.

एवढी वर्षं का लागतात? मोठी दुर्बीण बांधली की लवकर होणार नाही का?

थोडं लवकर होईल, पण दहा वर्षांची लाट बघायची तर दहा वर्षं मोजावंच लागतं, त्याला इलाज नाही. शिवाय पल्सार वाढवले की जोड्या भराभर वाढतात, २५ पल्सारांच्या ३०० जोड्या होतात आणि ५० च्या १२२५. म्हणून सगळ्या देशांचा डेटा एकत्र करणं चालू आहे, आणि पुढे दक्षिण आफ्रिका-ऑस्ट्रेलियातला एसकेए हा रेडिओ दुर्बिणींचा प्रचंड प्रकल्प येईल, त्यात भारतही सदस्य आहे.

पल्सारच बिघडला तर?

बिघडतो! २०२१ च्या एप्रिलमध्ये जे१७१३+०७४७ ह्या अत्यंत भरवशाच्या पल्सारच्या ठोक्याचा आकारच एकाएकी बदलला. साचा जुना आणि ठोका नवीन, मग वेळ चुकणारच. इन्प्टाच्या लोकांनी जीएमआरटीच्या डेटातून हा बदल दाखवला, आणि दोन बँड असल्यामुळे हेही कळलं की प्लाझ्मामुळे जसा उशीर व्हायला हवा तसा हिशेब जुळत नाहीये. पुढच्या महिन्यांत ठोका हळूहळू मूळ आकाराकडे आला. एकाच पल्सारवर विसंबून राहायचं नाही, ते ह्यासाठी.

मोबाईलचा त्रास होतो म्हणतात, खरं का?

खरंय. पल्सारचा सिग्नल अतिशय दुबळा असतो आणि मोबाईल टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, खराब वायरिंग हे सगळं त्याच बँडच्या आसपास ओरडत असतं. खोडदची जागा निवडतानाच आजूबाजूची शांतता बघितली होती, पण तीस-पस्तीस वर्षांत तो पट्टा खूप बदलला. गोंगाटाचा डेटा कापून टाकायला सॉफ्टवेअर आहे, तरी कापला तेवढा गेलाच.

विद्यार्थ्याला ह्यात काही करता येतं का?

नक्की येतं. दुर्बीण नसली तरी चालेल, कॉम्प्युटर हवा. नॅनोग्रॅव आणि इन्प्टाचा डेटा खुला आहे, टेम्पो२ आणि पिंट ही टायमिंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत, पायथन येत असेल तर पिंटपासून सुरुवात करा. एका पल्सारचा डेटा घ्या, कक्षेतला एखादा आकडा मुद्दाम थोडा चुकवा आणि रेसिड्युअल कसे लाटेसारखे डोलायला लागतात ते बघा, मग आकाशातली जागा चुकवा, तेव्हा बरोबर एका वर्षाची लाट दिसेल. दहा व्याख्यानं ऐकून जे कळत नाही ते ह्या एका प्रयोगात कळतं. प्रोग्रामिंग नको असेल तर आइन्स्टाइन अॅट होम हा प्रकल्प घरच्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या वेळात पल्सार शोधतो, लोकांच्या मशीनवर खरोखर नवे पल्सार सापडलेत.

जीएमआरटी बघायला जाता येतं का?

येतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला मोठं प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांची पोरं स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि तिथले शास्त्रज्ञ उभे राहून मराठीत समजावून सांगतात. नारायणगावहून फाटा आहे. पोरांना घेऊन जा, मोबाईल बंद ठेवा, आणि पल्सारवर काम करणारं कुणी भेटलं तर रेसिड्युअलचा आलेख दाखवायला सांगा.